घारे सिस्टरचा बर्फ

आमच्या दुकानातल्या डीप फ्रीजची डावीकडची जाळी रिकामी असते आणि ते आमच्या सूनबाईला खुपतं. दुकान आता तिचं आहे, माझं नुसतं स्टूल आहे. परवा तिने त्या जाळीत मटारच्या पिशव्या भरल्या. ती जेवायला गेली तशा पिशव्या उचलल्या, उजवीकडे कुल्फ्यांच्या उरावर नेऊन ठेवल्या आणि स्टुलावर येऊन पेंगायचं सोंग घेतलं. तिने परत येऊन झाकण उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, सिस्टर आता येणार आहेत का?"

नाही येणार. घारे सिस्टर निवृत्त होऊन नाशिककडे मामेबहिणीजवळ गेली, त्यालाही बराच काळ झाला. पण जाळी तिची आहे.

आमचं दुकान खालापूरच्या फाट्यावर. दुधी कुल्फी, कोकम सरबत, थंड पाणी. तहसील कचेरीत खेटे घालून माणसं तापली की आमच्याकडे येऊन निवतात. सिस्टर पहिल्यांदा आली तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची कोवळी पोर होते. स्वतःला फार हुशार समजण्याचं ते वय. बुटकी, रुंद खांद्यांची, केस मागे घट्ट ओढलेले, नखं अगदी मांसापर्यंत कापलेली. हातात भाजीची पिशवी आणि पिशवीत सलाईनच्या बाटल्या. मला वाटलं, ही चोरीचा माल विकायला आली. मी डोळे बारीक करून म्हटलं, आम्ही असलं घेत नाही. ती म्हणाली, विकायचं नाही, गोठवायचं आहे.

मग तिने समजावून सांगितलं, अगदी शाळेतल्या बाईंसारखं. पलीकडच्या हॉस्पिटलात ती ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर. घाटातले आणि एक्सप्रेसवेचे अपघात तिथेच येतात. कधी एखाद्याचा मेंदू मरतो आणि मशीनवर काळीज तेवढं चालू राहतं. घरच्यांनी हो म्हटलं तर मुंबईहून डॉक्टर येतात, किडन्या काढतात, लिव्हर काढतात. काढल्यापासून दुसऱ्याच्या पोटात बसेपर्यंत ते सगळं गार राहिलं पाहिजे. त्यासाठी सलाईन गोठवून, फोडून, त्याचा बारीक चुरा करून हाताशी ठेवावा लागतो. हॉस्पिटलचा फ्रीजर विजेच्या खालीवर होण्याने जळला होता आणि नवा येणार, येणार म्हणून कागदावर येत होता. "अपघात काय फ्रीजर यायची वाट बघणार आहे?" ती म्हणाली.

मी मोठ्या मनाची बाई असल्याचं दाखवत जाळी दिली. खरं म्हणजे त्या जाळीतल्या कुल्फ्या तशाही खपत नव्हत्या.

त्या दिवसापासून ती रोज ड्यूटी संपली की यायची, बाटल्या तपासायची. तिचा हात लावायचा प्रकार न्यारा होता. तळहात नाही, बोटांची मागची बाजू. कुल्फी असो, चहाचा ग्लास असो, कुणाचं तापलेलं पोर असो, ती बोटं उलटी करून टेकवायची आणि क्षणभर थांबायची. चहा मात्र तिने कधी गरम प्यायलेला मी पाहिला नाही. सांगायची, ठेवायची, विसरायची, आणि वर साय धरली की एका घोटात संपवायची. फ्रीज उघडा ठेवून कोणती कुल्फी घेऊ असा विचार करणाऱ्या गिऱ्हाइकांवर तिचा विशेष राग. "झाकण लावा, गारवा चाललाय," असं तिने एकदा साक्षात तहसीलदारांना सुनावलं. त्यांनी लावलं. हॉस्पिटलात ती शुद्ध 'आहे-नाही' बोलायची. माझ्याशी महिनाभर तसंच बोलली. मग एक दिवस म्हणाली, "काकू, चहात आलं नाय आज." तेव्हा मला कळलं, आपण घरच्या झालो.

तिचं एक वाक्य होतं, ते तिने मला इतक्यांदा ऐकवलं की मी ते झोपेतही म्हणेन. "गारवा पोचला पाहिजे, बर्फ शिवता कामा नये." किडनी एका पिशवीत औषधाच्या गार पाण्यात ठेवायची, ती पिशवी दुसरीत, दुसरी तिसरीत, आणि मग ती बर्फाच्या पेटीत. बर्फ थेट लागला तर ती जागा भाजल्यासारखी मरते. मी म्हटलं, बर्फाने कुठे भाजतं? ती म्हणाली, तुमच्या सूनबाईला विचारा, तुमी गप्प बसता तेव्हा काय होतं. त्या काळी मी गप्प बसून घर चालवायची. फार मोठं अस्त्र वाटायचं मला ते.

सिस्टरबरोबर तिचा धाकटा भाऊ राहायचा, दत्तू. त्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, बाकीचे दिवस माझ्या दुकानाच्या बाकड्यावर. आधी टेंपो चालवायचा, गावोगाव भाताची पोती वाहायचा. आता पाय सुजलेले, रंग मातीसारखा झालेला, पण जीभ शाबूत. त्याला पाणी मोजून असायचं. स्टीलची एक लहानशी वाटी, तिच्यावर दिवस काढायचा. तहान फार लागली की बर्फाचा खडा चघळायचा, तोही सिस्टरने ठरवलेल्या मापाचा. खडा गालात धरून तो कोकम सरबत पिणाऱ्यांकडे असा बघत बसायचा की माणसं अर्धा ग्लास ठेवून उठून जायची.

सिस्टरने आधी स्वतःची किडनी द्यायची ठरवली होती. तपासण्यांत तिला साखर निघाली आणि डॉक्टरांनी परत पाठवलं. किडनी देईल असं जवळचं दुसरं कोणी नव्हतं. मग मुंबईच्या यादीत दत्तूचं नाव घातलं, आणि दोघं वाट पाहत बसली. सिस्टर फ्रीजमध्ये वाकली की दत्तू बाकड्यावरून विचारायचा, "ताय, आली काय गं माझी किडनी?" ती म्हणायची, "आली की सांगीन." हे रोज. मी मूर्खासारखी रोज हसायची.

मग फाट्यावर आवई उठली. समोरच्या पानवाल्याने उठवली असा माझा पक्का संशय आहे, कारण त्याचं थंड पाणी माझ्यामुळे खपत नव्हतं. म्हणे, सिस्टर काकूच्या फ्रीजमध्ये माणसांचे तुकडे ठेवते आणि त्याच फ्रीजमध्ये कुल्फी. पोरं यायची बंद झाली. कचेरीतले कारकून पलीकडून वळसा घालून जायला लागले. आणि मी? सगळं समजावून सांगितलेली, जाळी स्वतः देणारी बाई? मी काठीने झाकण उचललं आणि देवाचं नाव घेत आत डोकावले. डावीकडे बाटल्या, उजवीकडे कुल्फ्या. तरी एक बाटली मला जरा गुलाबी दिसली. त्याआधी मी रोज गुपचूप एक कुल्फी खाऊन 'वितळली' म्हणून सांगायची. तेवढे दिवस एकही वितळली नाही.

सिस्टरच्या कानावर गेलं तेव्हा ती भर दुपारी आली. फाट्यावर एसटीची वाट पाहणारी बरीच माणसं होती. तिने एक बाटली काढली, फडक्यात गुंडाळली, पिशवीतून हातोडी काढून माझ्या गल्ल्याशेजारी ठेचली, प्लास्टिक कापून उघडली, आणि एक खडा तोंडात टाकला. दुसरा पानवाल्यापुढे धरला. सगळे बघतायत म्हटल्यावर त्याला घ्यावा लागला.

"खारट हाय," तो म्हणाला.

"मग? माणूस काय गोड लागला असता?"

लोक हसले, आणि संध्याकाळपर्यंत कुल्फी पुन्हा खपायला लागली. पण ती हसली नव्हती. फडकं झाडताना मला हळूच म्हणाली की एक बाटली फुकट गेली. आज लागली असती तर कमी पडली असती. आणि मग म्हणाली, "काकू, आपलं काम लोकांच्या जिभेवर चालतं. एक जीभ फिरली ना, की दहा आया नाय म्हनतात." तेव्हा मला ते कुल्फीबद्दल वाटलं. अक्कल कमी.

भात कापणीच्या दिवसांत कळंबकडचा एक पोरगा आला. तिथल्या कुठल्याशा रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला होता, मोटारसायकलवरून येताना टेंपोखाली गेला. दोन दिवस मशीनवर होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरचा फोन आला, की काकू, मला इथून हलता येत नाही, सगळ्या बाटल्या कुल्फीच्या पेटीत भरा आणि रिक्षाने घेऊन या. मी गेले. रिक्षात पेटी मांडीवर घेऊन अशी बसले होते, जसा काही देश माझ्याच भरवशावर चालला आहे.

थिएटरबाहेरच्या बाकावर पोराची आई बसली होती. हिराबाई. कापणी टाकून आलेली, पायांना चिखल तसाच सुकलेला. मांडीवर पिशवी, पिशवीत बटणांचा निळा स्वेटर. होकार तिने आणि तिच्या नवऱ्याने आधीच दिला होता. नवरा खाली गाडीचं बघायला गेला होता. डॉक्टर मुंबईहून येऊन आत तयारीला लागले होते. पेटी बघून हिराबाईने मला विचारलं, यात काय आहे. मी म्हटलं, बर्फ. झालं. ती उठून उभी राहिली. म्हणाली, बर्फात घालणार? मग नाय. मग राहू दे.

चार शब्द कमी बोलले असते तर काय बिघडलं असतं? आतून सिस्टर आली. तिला काय झालं ते मी सांगायला लागले, तिने हाताने थांबवलं. ती बाकावर बसली नाही, हिराबाईच्या पायांशी फरशीवर बसली, आणि हॉस्पिटलातलं 'आहे-नाही' सोडून बोलली.

"काय झालं, मावशी?"

"त्याला थंडी सोसत नाय गं, बाय. कापनीला पन सकाळचा ह्यो स्वेटर घालून यायचा. लोक हसायचे. त्याला बर्फात नको."

सिस्टरने त्या स्वेटरकडे पाहिलं. मग तिने सांगितलं, की बर्फ त्याला लागणारच नाही. मधे पाणी असतं, पिशव्या असतात, एकावर एक तीन. जशी तुमी पोराला दुपट्यात गुंडाळता, वर गोधडी घालता, तशी. बर्फ बाहेर राहतो. आत नुसता गारवा जातो, आणि तो गारवा नसेल तर दुसऱ्याच्या अंगात गेल्यावर ते जागं होत नाही. "आन तो स्वेटर माझ्याकडं द्या," ती म्हणाली.

हिराबाई बसली. स्वेटर दिला. मग तिने सिस्टरचं मनगट धरलं. हॉस्पिटलातल्या आयाबायांनी तिला कधीतरी सांगितलं असावं.

"तुझा भाव पन किडनीवर हाय म्हनतात."

"हाय."

"एक त्याला घाल. मी देते माज्या हातानं. दुसरी कुनाला द्यायची त्याला दे."

मी तिथे पेटी धरून उभी होते. माझ्या मनात आलं, झालं, दत्तू सुटला. देवानेच योजलं. मी सिस्टरकडे अशा आनंदाने पाहिलं की आता आठवलं तरी स्वतःला चिमटा काढावासा वाटतो.

सिस्टरने बोटं उलटी करून हिराबाईच्या गालाला लावली.

"त्याचं नाव मुंबईच्या यादीत हाय, मावशी. आज पाळी दुसऱ्याची हाय."

"पन मी देते ना."

"तुमी देताय म्हनून तर. मी घेतली, तर उद्या फाट्यावर म्हनतील, सिस्टरनं भावासाठी पोरगा मारला. मग पुढची आई देईल का?"

हिराबाईने मनगट सोडलं. सिस्टर उठली, माझ्या हातातली पेटी घेतली, स्वेटर खांद्यावर टाकला आणि आत गेली. थोड्या वेळाने आतून हातोडीचे आवाज यायला लागले. ठक, ठक, ठक. फार वेळ येत होते. त्या दिवशी बर्फाचा चुरा नेहमीपेक्षा बराच बारीक झाला असावा.

दुपारी पेट्या निघाल्या, पोलिसांनी रस्ता मोकळा केला, गाड्या टोलनाक्याच्या दिशेने गेल्या. आणि पोराला बाहेर आणलं तेव्हा चादरीखाली त्याच्या अंगात निळा स्वेटर होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

फाट्यावर ही गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. बायका म्हणाल्या, दगडाची आहे. पानवाला म्हणाला, बर्फाची बाई. संध्याकाळी ती नेहमीसारखी आली तेव्हा मीही झाकण हातात धरून, फार शहाणपणाने, विचारलं, भाऊ तुझाच ना गं तो? तिने साय धरलेला चहा उचलला, एका घोटात संपवला.

"झाकण लावा, काकू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दत्तू बाकड्यावर आला. त्याने तो प्रश्न विचारला नाही. मी खडा दिला, तो गालात धरला.

"आली होती म्हने," तो म्हणाला.

मी फडक्याने गल्ला पुसत राहिले. तो हसला. मग म्हणाला की लहानपणी आई शेतावर गेली की ताई आंबे वाटायची. सगळ्या पोरांना सारखे, आणि दत्तू घरचा म्हणून त्याला शेवटी. "शेवटी कदी उरायचा, कदी नाय. तिला सवय हाय ती." आणि खडा या गालातून त्या गालात केला.

त्या भाऊबीजेला त्याने माझ्याकडून एक खडा जास्तीचा मागून घेतला. ओवाळून झाल्यावर सिस्टरच्या ताटात तोच घातला. म्हणाला, माझ्याकडं किमती एवढंच हाय, ताय. ती रागावली नाही. निरांजनाशेजारी तो खडा विरघळत गेला, कुंकू भिजलं, तांदूळ भिजले, आणि ती ताट हातात धरून तशीच उभी राहिली, शेवटचा थेंब होईपर्यंत.

पाळी आली नाही. दत्तूच्या हातातली डायलिसिसची नस बंद पडली, मग मानेतून, मग जांघेतून. बाकड्यावर येणं थांबलं. सिस्टर यायची, बाटल्यांना बोटं लावायची, खड्यांची पिशवी न्यायची. खडे दिवसेंदिवस बारीक मागायला लागली, कारण त्याला आता मोठा धरवत नव्हता. मी कधी काही विचारलं नाही. तेवढं तरी शिकले होते.

उन्हाळ्यात एका दुपारी ती दुकानात आली, तेव्हा अंगावर घरची साडी होती. म्हणाली, दत्तू गेला, काकू. मी रडायला लागले आणि रडता रडता बर्फाच्या लाद्या काढायला लागले, कारण आमच्याकडे माणूस गेलं आणि नातेवाईक लांबून यायचे असले की लोक लाद्या न्यायला माझ्याकडेच येतात. तिने माझा हात धरला.

"लाद्या नको. लहान पिशव्या द्या, दोन."

"दोनच? एवढ्या उन्हात?"

"डोळे दोनच असतात, काकू."

मी दुकान उघडंच टाकून तिच्यामागे गेले. दोन खोल्यांचं घर, वर पत्रा, आत माणसं दाटलेली. दत्तूच्या डोक्याखाली तिने दोन उशा घातल्या, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवला आणि वर माझ्या पिशव्या, मधे फडक्याची घडी घालून. बर्फ शिवू नये म्हणून. पत्रा तापून आग ओकत होता. सिस्टरचे मामा उठून पंख्याचं बटण दाबायला गेले, तिने अडवलं. "पंखा नको, मामा. डोळे सुकतात." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी पुटपुटली, की डोळ्यांवाचून पुढं वाट कशी दिसेल त्याला. सिस्टरने ऐकलं, पण मान वळवली नाही. मी पदराने वारा घ्यायला लागले तर तिने माझ्याकडे असं बघितलं की पदर आपोआप खाली गेला. आम्ही सगळे तिथे घामाने निथळत बसलो, आणि ती पिशव्या बदलून बदलून बोटांच्या मागच्या बाजूने त्याचं कपाळ तपासत राहिली.

पनवेलहून डोळ्यांची माणसं आली. चपला बाहेर काढून, हात जोडून आत गेली, आम्हाला बाहेर बसवून दार लोटून घेतलं. फार वेळ लागला नाही. बाहेर आली तेव्हा त्यांच्या हातात एवढीशी पेटी होती. सिस्टरने पेटीला उलटी बोटं लावली, क्षणभर थांबली, आणि मान हलवली. ती माणसं गेली.

मग सिस्टर आमच्यामागून आत आली आणि तिने पंखा लावला. खोलीभर लोकांनी श्वास सोडला.

पिशव्यांतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. तिने दोन्ही पिशव्या तांब्यात रित्या केल्या, दत्तूचं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्याच्या तोंडात पाणी घालायला लागली. आमच्याकडे गेलेल्याच्या तोंडात चमचाभर घालतात. ती घालतच राहिली. पाणी ओठांच्या कडेने बाहेर आलं, मानेवरून उतरलं, तिची साडी भिजली.

"पुरे गं बाय," मामी म्हणाली.

"राहू द्या, मामी," ती म्हणाली. "आज त्याला पाहिजे तेवढं."